म्हात्रे मास्तरांची रेघ

म्हात्रे मास्तर वर्तमानपत्र शेवटून वाचत. पनवेलच्या वाचनालयात मुंबईचा अंक सकाळच्या एस.टी.ने यायचा. आम्ही पहिल्या पानासाठी माना ताणून उभे असताना हे गृहस्थ आतलं शेअरबाजाराचं पान अलगद काढून खिडकीशी जाऊन बसायचे. चौकटीची वही उघडायची, एका कापडगिरणीच्या शेअरचा भाव पाहायचा, त्या जागी पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि तो कालच्या ठिपक्याला जोडायचा. मग पान परत जागेवर ठेवून शाळेत. त्यांच्याकडे त्या गिरणीचाच काय, कुठलाच शेअर नव्हता, हे मला वर्षभराने कळलं.

मी इथल्या एका बँकेत कारकून. बाजार चालतो तो व्याजाच्या दरावर, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणी न विचारताही सांगत असे. दर वाढला की लोक पैसा बँकेत ठेवणार, शेअर उतरणार. यात ठिपके कशाला हवेत? मास्तर मला 'लेलेसाहेब' म्हणत. कारकुनाला साहेब म्हणण्यात जेवढी थट्टा असते तेवढी त्यात असायची.

"चंद्रामुळे पाणी चढतं हे खरं, लेलेसाहेब," ते म्हणायचे. "पण बांध कुठल्या दिवशी फुटेल, ते चंद्र सांगतो का?"

ते खाडीकाठच्या आगरी घरातले. भूगोल शिकवताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी असे. वहीपुढे बसले की मात्र घरचे शब्द यायचे. भाव चढला की ते उधाण. सुस्तावला की भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती. एकदम कोसळला की बांधाला भगदाड पडावं तशी 'खांड पडली'. "भांग हाय, आता चढनार," असं ते स्वतःशीच पुटपुटत, आणि मी समोरून नाक मुरडत असे.

एकदा खरंच बँकदर वाढला. मी चार दिवस वाचनालयात मिरवून घेतलं. बाजार जागचा हलला नाही आणि पुढच्या आठवड्यात चक्क चढला. मास्तर हसले नाहीत. पुढे त्यांनी सांगितलेलं उधाण आलंच नाही तेव्हा मी मात्र पोटभर हसलो. "मास्तर, रेघ झालेलं सांगते, होणारं नाही," असं त्यांना ऐकवलं आणि वाक्य फार आवडल्यामुळे नंतरही कितीदा तरी ऐकवलं.

या ठिपक्यांचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. शिरढोणच्या एका लग्नाहून आम्ही परतत होतो. त्यांचे वडील भरतीचं पाणी कुठवर आलं त्याची खूण खाडीच्या बांधावरच्या खुंटाला कोयत्याने करत. एका श्रावणात पुनवेनंतर खुणा रोज खाली उतरत होत्या. वडील म्हणाले, आता भीती नाही, आणि मास्तरांच्या धाकट्या भावाला, गणूला, एकट्याला राखणीला पाठवलं. दुपारी वारा फिरला, पाणी चढलं, बांध फुटला. गणू सापडला तो दुसऱ्या दिवशी.

"बाबांनी खुना थोड्याच केल्या," मास्तर म्हणाले. "जास्त असत्या तर एक दिस आदी कळलं असतं. मला तेवडंच पायजे. एक दिस."

त्यानंतर मी थट्टा कायमची सोडायला हवी होती. महिनाभर सोडली, मग परत सुरू केली.

पुढच्या भाद्रपदात मास्तरांना विषमज्वर झाला. दवाखान्यात त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असे: चौकटीचा कागद, ठिपके, रेघ. दोन आठवडे ती रेघ वरच होती. त्यांची वही आता मी भरत होतो आणि रोज नेऊन दाखवत होतो. मग एका दुपारी गेलो तर तापाची रेघ खाली आलेली. सकाळपासूनचे तीन ठिपके, तिन्ही उतरते. मला इतका आनंद झाला की मी तक्ता काढून त्यांच्यापुढे धरला.

"बघा मास्तर, भांगाचं पाणी लागलं. मी हरलो. रेघेचंच खरं."

त्यांच्या कपाळावर गार घाम होता. हात पोटावर. तक्त्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"रेग झालेलं सांगते, लेलेसायेब," ते म्हणाले. "होनारं नाय."

माझंच वाक्य मला परत करताहेत असं वाटून मी हसलो. त्यांनी माझं मनगट धरलं. "आज बसा जरा तुमी."

मी बसलो नाही. ताप उतरला होता, माझ्या घरी पाहुणे आले होते. उद्या वही घेऊन येतो म्हणालो आणि दारातून हात हलवून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयाच्या खिडकीशी बसून गिरणीचा ठिपका देत होतो, तेव्हा शाळेचा शिपाई सांगत आला. मास्तर पहाटे गेले होते. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलं होतं. या आजारात ताप असा एकाएकी उतरला तर घाबरायचं असतं.

मास्तरांना ते कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. जन्मभर त्यांना जो एक दिवस आधी हवा होता तो त्यांना मिळाला, आणि तो त्यांनी माझ्याबरोबर घालवायचं ठरवलं. मी पाहुण्यांसाठी उठून गेलो. ते पाहुणे कोण होते, हेही आता मला आठवत नाही.