गोड बोलणारा राजपुत्र

माझ्या लेकीनं सुट्टीत एक कार्टूनचा सिनेमा लावला. शेवटाला त्यातला देखणा राजपुत्रच लबाड निघाला आणि राजकन्येला वाचवलं ते चेटकिणीनं. माझं डोकंच फिरलं. राजपुत्रच असले निघाले तर पोरींनी भरवसा ठेवायचा कुणावर? ती शंका माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीला बघायला कोल्हापूरचा मुलगा आला. गोरा, उंच. आप्पांच्या पाया पडला, पोह्यांची स्तुती केली, आमच्या पाणचट चहाचीसुद्धा! एवढं गोड कोण असतंय?

आमच्या सीमाभागातल्या शहापूरच्या घरात एक रीतच आहे. पाहुणे महाराष्ट्रातले असले की आतलं बोलणं त्यांच्यादेखत कन्नडमध्ये उरकायचं. 'कन्नड समजतं का?' असं आप्पांनी आल्याआल्या विचारून घेतलं होतं. मुलगा नाही म्हणाला. मग काय, आई बिनघोर मला कन्नडमध्ये म्हणाली, "हिचा आधीचा साखरपुडा त्या लोकांनी मोडला, ते चुकूनही बोलू नकोस."

मुलाचा कप तोंडापाशी थांबला. मी बघतच होते.

"कन्नड येतंय न्हवं तुम्हाला?" मी सरळ विचारलं.

तो लाल झाला. "लहानपण निपाणीत गेलंय, आक्का. येत न्हाय म्हणून सांग, असं घरातनं सांगितलंतं."

"म्हंजे चोरून ऐकायला आलाय व्हय!" माझा आवाज चढला. आप्पा मला गप्प करायला लागले. मला मात्र आतून बरं वाटत होतं. ओळखला की नाही लबाडाला!

तेवढ्यात बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आक्का, तो चोरून ऐकत होता, खरं हाय. पण चोरून बोलत कोण होतं गं?"

ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"साखरपुडा त्यांनी न्हाय मोडला. मी मोडायला लावला. घरात कुणालाच म्हाईत न्हाय."

आईनं कपाळाला हात लावला. मी तर तेव्हा बहिणीच्या बाजूनं त्या लोकांना पोटभर शिव्या घातल्या होत्या.

"का मोडला?" मुलानं विचारलं.

"त्योबी असाच गोड बोलायचा. नंतर एकेक खोटं उघडं पडलं." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आता चहा कसा झालाय ते खरं सांगा."

त्यानं कप खाली ठेवला. "पाणचट," तो म्हणाला.

बहीण पहिल्यांदा हसली. मी अजून हसलेली नाही.