दुसऱ्या कुसुमचा गूळ

नातवानं जुना कॅमेरा विकत आणला आणि "आज्जी, बघ" म्हणत माझ्या डोळ्याला लावला. त्याच्या कातडी पिशवीचा वास आला आणि मी दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत, निपाणीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. बेळगावच्या मित्राचा नवा कॅमेरा त्यांनी बघायला मागून आणला होता. आमच्या चार वर्षांच्या कुसुमला समोर उभी करून ते आपला कॅमेरा आणि तो, आलटून पालटून डोळ्याला लावत होते.

"आपल्या कॅमेऱ्यात एका खिडकीतनं चेहरा जुळवायचा, मग दुसरीतनं पुरता फोटो बघायचा. तोवर पोर पळती. ह्यात एकाच खिडकीत सगळं दिसतंय. बघ तरी."

मी बघितलं. मधल्या पिवळसर चौकोनात दोन कुसुम होत्या. ह्यांनी भिंगाचं कडं फिरवलं, तशा त्या सरकत एकमेकींत मिसळून गेल्या; अशा मिसळल्या की फोटो साफ येतो म्हणे.

"आई, मी दिसते का गं?"

"व्हय, दोन-दोन दिसतीस."

"मग दुसरीला पण गूळ दे."

आम्ही दोघं लई हसलो. "काढा की हिचा फोटो," मी म्हणाले.

"लढाईत रोल कुठं मिळतोय? आला की पहिला हिचाच."

रोल यायच्या आधीच कुसुम मुदतीच्या तापानं गेली. पुढं हे जन्मभर लोकांच्या लेकरांचे फोटो काढत राहिले. आमच्याकडं तिचा एकही नाही. तिची खळी डाव्या गालाला होती की उजव्या, हे मी अधूनमधून ह्यांना विचारून घ्यायची. आता हे नाहीत, आणि मला आठवत नाही.