वाचल्याची नोंद

आज ऑफिसात मला सायलीचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

आगरदांड्याच्या फेरीबोटीची तिकिटं आमच्या सर्व्हरवरून निघतात. हा जुना सर्व्हर नुसती फाइल वाचली तरी वाचल्याची वेळ डिस्कवर लिहून ठेवायचा. त्यात डेटाबेस रेंगाळायचा आणि जेटीवर रांग वाढायची. सायलीने आज सेटिंगमध्ये एक शब्द घालून ती नोंद बंद केली. तिकिटं भराभर निघू लागली.

सर म्हणाले, "सायली, सोमवारपासून सर्व्हर तुझ्याकडे."

ते काम मला मिळेल असं मी धरून चालले होते. आणि तोच शब्द माझ्या वहीत दोन आठवड्यांपासून लिहिलेला होता.

लहानपणी आम्हाला पप्पांनी घरीच शिकवलं. कपाटातलं पुस्तक घेतलं की वहीत वेळ लिहायची, हा त्यांचा नियम. त्या सवयीमुळे सर्व्हरची नोंद बंद करायला माझा हात धजेना.

मी सायलीला माझी वही दाखवली आणि नोंद बंद करायला धजले नाही, हे सांगितलं. "अगं, पण ती नोंद बघतं कोण?" ती हसली. "मला तरी सांगायचंस."

पप्पांची वहीसुद्धा कधी कुणी उघडली नाही, हे घरी येताना आठवलं.

सायलीचं अभिनंदन केलंय, पण अजून जळतेय. तुमच्याही वहीत असा एखादा शब्द पडून आहे का?