पोटावरचं तोंड मिटलं

"आतड्याला पीळ पडलाय. आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागेल."

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्या मालकांना एवढंच सांगितलं. मी स्ट्रेचरवर होते. पोट फुगून टणक झालं होतं. दोन दिवस शौचाला झालं नव्हतं, वारासुद्धा सरला नव्हता. गावी, मेढ्यात, ओवा, शेक, गॅसच्या गोळ्या सगळं करून झालं होतं. मी मनात म्हटलं, काय उघडायचं ते उघडा, पण ही कळ थांबवा.

या दुखण्याला सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस म्हणतात, हे मला मागाहून कळलं. सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा नागमोडी भाग. तो स्वतःभोवतीच फिरतो, गाठ बसल्यासारखा आवळतो आणि त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. माझा तेवढा भाग काळा पडला होता. आणखी उशीर झाला असता तर हे लिहायला मी उरले नसते.

शुद्धीवर आले तेव्हा कळ गेली होती. पण बेंबीपासून खाली लांब टाके होते आणि डाव्या बाजूला पोटावर लालभडक, ओलसर असं काहीतरी उगवलं होतं. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवलेली.

डॉक्टर म्हणाले, "याला कोलोस्टॉमी म्हणतात. खराब भाग कापून टाकला. खालचं टोक शिवून आतच ठेवलंय, वरचं टोक पोटावर बाहेर काढलंय. आता शौच इथून होईल. सूज असताना जोडलं असतं तर जोड सुटला असता. तीन-चार महिन्यांनी पुन्हा जोडता येईल."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडले.

ज्यांच्या पोटावर आज अशी पिशवी आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे, म्हणून लपवत नाही. पहिले आठ दिवस मी त्या जागेकडे पाहिलं नाही. मालक फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सिस्टरकडून सगळं शिकून घेतलं. कोमट पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, पिशवीचं भोक मापाने कापायचं. मी पदराने तोंड झाकून पडायची.

एकदा मी म्हटलं, "आवं, तुमी कशाला करताय हे? किळस न्हाई येत?"

"ड्यूटी हाय," ते म्हणाले. "आन् तुजंच आतडं हाय की. परक्याचं हाय व्हय?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा वाकून पाहिलं. ते हलत होतं. जरासं आत जायचं, जरासं बाहेर यायचं. भीत भीत बोट लावलं, तर दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, आतड्याला स्पर्श कळत नाही, ताण मात्र कळतो.

मी मेढ्यात बायकांचे ब्लाऊज शिवते. घरी आल्यावर मशीन झाकूनच ठेवलं. माप घ्यायचं म्हणजे समोरच्या बाईच्या अगदी जवळ उभं राहायचं, आणि माझ्या पोटातून कधी आवाज येईल, कधी वास येईल, याचा नेम नव्हता. आवाज आपल्या हातात नसतो. एकदा शेजारीण बसली असताना झाला, ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर मी कुणाला घरात बसा म्हटलं नाही.

पिशवी वाकताना सुटायची. म्हणून एका दुपारी मशीन उघडलं आणि अस्तराच्या कापडाचा पट्टा शिवला. मध्ये गोल भोक, कडेला दुहेरी शिलाई, मागे रुंद इलॅस्टिक. तपासणीला गेले तेव्हा साताऱ्याच्या सिस्टरने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ताई, असे अजून चार द्याल? आणखी पेशंट आहेत." आपल्यासारखी आणखी माणसं आहेत, हेच मला तोवर सुचलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात माझा भाऊ मेढ्याला आला. तो सांगलीला हळदीच्या पेठेत कामाला. म्हणाला, "आक्का, आमच्याकडं एक डॉक्टर आल्यात. दुर्बिणीनं करत्यात. लय मोठं फाडावं लागत न्हाई म्हणं."

नव्वदच्या दशकाची ती अखेर. दुर्बिणीचं ऑपरेशन हा शब्दच आम्हाला नवा होता.

सांगलीचे डॉक्टर वयाने माझ्या भावाएवढे. लॅपरोस्कोपी म्हणजे काय ते त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पोटावर बोटाच्या पेराएवढी छिद्रं पाडायची, गॅस भरून पोट फुगवायचं, एका छिद्रातून कॅमेरा घालायचा आणि टीव्हीवर बघत बाकीच्या छिद्रांतून काम करायचं.

मालकांनी सरळ विचारलं, "अशी किती केलीत तुमी?"

"पित्ताशयाची पुष्कळ. आतडं जोडायची फार थोडी," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असणार. ती सोडवता आली तर दुर्बिणीने होईल. नाहीतर जुन्या टाक्यांवरून पोट उघडावं लागेल. आणि जोड गळण्याचा धोका दोन्हीकडे आहे."

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "खोटं बोलला न्हाई. ह्याच्याकडंच करू."

मला मात्र एकच प्रश्न पडला होता. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारला. "एवढ्याशा भोकातून शिवणार कसं? सुई फिरवायला तरी जागा पाहिजे."

त्यांनी कपाटातून एक लांब दांड्याचं यंत्र काढलं. सर्क्युलर स्टेपलर. त्याची टोपी वरच्या आतड्याच्या तोंडात बसवायची. दांडा खालून, शौचाच्या वाटेने आत घालायचा. पोटात दोघांची गाठ पडली की मूठ दाबायची. टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या दोन रांगा गोलाकार बसतात आणि त्याच क्षणी आतलं गोल पातं मधलं कापतं, म्हणजे वाट मोकळी होते.

"कापलेल्या दोन कड्या यंत्रात राहतात," ते म्हणाले. "दोन्ही अखंड निघाल्या तर जोड सगळीकडून नीट बसला असं समजायचं."

मी वीस वर्षं काजं करते. आधी कड शिवायची, मग मधलं कापायचं, दोन कामं. हे यंत्र दोन्ही एका दाबात करत होतं. मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. भीती होती तेवढीच राहिली, पण तिच्याशेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. हे ज्याला सुचलं त्याचे हात बघावेत असं वाटलं.

ऑपरेशनआधी तपासण्या झाल्या. बेरियम एनिमा म्हणजे खालून पांढरं औषध भरून एक्स-रे काढणं. आत शिवून ठेवलेलं टोक नीट आहे का, ते त्यात दिसतं. आदल्या दिवशी आतडी धुऊन निघावीत म्हणून मोठा जग भरून खारट पाणी प्यायले.

ऑपरेशन पाच तास चाललं. ते मला कुठलं कळायला? मालकांनी सांगितलं ते असं. पहिले अडीच तास डॉक्टर चिकटलेली आतडीच सोडवत होते. मध्ये सिस्टर येऊन म्हणाली, कदाचित उघडावं लागेल. तेव्हा मालक बाकावरून उठले आणि सावधान उभे असल्यासारखे दाराशी उभे राहिले, ते शेवटपर्यंत. अखेर डॉक्टर हातात एक छोटी वाटी घेऊन बाहेर आले. वाटीत दोन कड्या होत्या, गुलाबी, कुठेही न तुटलेल्या.

"पोटात पाणी भरून खालून हवा सोडली," डॉक्टर म्हणाले. "एकही बुडबुडा आला नाही."

"सायकलच्या ट्यूबवाणी?" मालकांनी विचारलं.

"अगदी तसंच."

पण खरी परीक्षा पुढे होती. तोंडाने काही नाही, फक्त सलाइन. दुसऱ्या दिवशी ताप चढला. डॉक्टर माझं पोट हलक्या हाताने दाबत नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. लीक, म्हणजे जोड गळणं, हा शब्द कुणी उच्चारला नाही, तरी खोलीत सगळ्यांच्या मनात तोच होता. मग त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "ताप फुप्फुसाचा वाटतोय. फुगे फुगवा." मी दिवसभर फुगे फुगवले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

आता जो तो एकच विचारायचा. डॉक्टर, सिस्टर, झाडूवाल्या मावशी, समोरच्या खाटेवरची बाई: "वारा सरला का?"

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पोटात गुरगुर झाली. ती डावीकडे त्या बंद केलेल्या जागेपाशी आली, थांबली आणि खाली उतरली. आणि मग, चार महिन्यांनी, जिथून सरायचा तिथूनच वारा सरला.

मालक दाराबाहेर धावले. "सिस्टर! झालं! पास झाला!" सगळा वॉर्ड हसला. समोरच्या बाईने हात जोडले. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. चार महिने निजून राहिलेली वाट, तिला कुणी हाक मारली नव्हती, तरी तिला आपलं काम आठवलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या खोलीत टीव्हीवर ऑपरेशनची कॅसेट लावली. "बघवणार नसेल तर सांगा."

मी बघितलं. माझं स्वतःचं आत. गडद तांबडं, गुळगुळीत यकृत. लोण्यासारखी पिवळी चरबी. आणि आतडी, गुलाबी, ओली, चकचकीत. अंगावरून लाट सरकावी तशी ती आपापली सरकत होती. मी बेशुद्ध होते, मला श्वाससुद्धा यंत्र देत होतं, आणि ती हलत होती. जन्मल्यापासून अशीच, मला न सांगता, मी रागावले तरी, रडले तरी. पोटावरच्या त्या लाल तोंडाचा मी चार महिने तिरस्कार केला होता. तेवढ्या वेळात त्यानेच मला जगवलं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. मालकांनी टोपी काढली.

सहा महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, एक काम कराल? कवठे महांकाळच्या एक आजी आल्यात. पिशवी आहे. ऑपरेशनला नाही म्हणतात, कुणाशी बोलत नाहीत."

आजी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. "आजी, मलापण हुती."

"खोटं."

मी पडदा ओढला आणि लुगडं खाली सारून पोट दाखवलं. पहिल्या ऑपरेशनची उभी रेघ, तीन बारीक खुणा आणि डावीकडे बोटभर व्रण. आजींनी त्या व्रणावर हळूच अंगठा ठेवला.

"हितं हुतं?"

"व्हय. हितंच."

"आन् आता समदं...?"

"समदं आपल्या वाटंनं."

बराच वेळ त्यांनी अंगठा काढला नाही. मग पदर सावरला आणि पडद्याबाहेर बघून म्हणाल्या, "त्या डॉक्टरला बलीव जरा."