मेढीला बांधलेला माईक

आधी पोशीरच्या वहिनींचे आभार मानतो, मग काय झालं ते सांगतो. नाहीतर सांगण्याच्या भरात आभार राहून जायचे. वहिनी म्हणजे तिथल्या बँडपार्टीतल्या ढोलवाल्या दादांची बायको. त्या नसत्या तर मी तेव्हाच गावाकडं, परभणीच्या गाडीत बसलो असतो.

सातवीतून शाळा सोडून मी कर्जतला एका लाउडस्पीकरच्या दुकानात लागलो होतो. मोहोपाड्याच्या कॉलनीत एक लग्न निघालं. नवऱ्या मुलाच्या मामांना सुपारी द्यायच्या आधी बँड ऐकायचा होता, तोही घरबसल्या, कॅसेटवर. मालकानं माझ्या हातात टेप, एक माईक आणि एकुलती एक कोरी कॅसेट ठेवली.

"नीट भरून आण. बिघडवलंस तर दुकानात येऊ नको, तसाच गावाकडं जा."

मला तसंही कशाचीही भीती वाटायची. पोशीरला पोचेपर्यंत मनातल्या मनात माझी ट्रंक भरून झाली होती.

बँडात चौघं, सगळे भातशेतीवाले. एक पितळी बाजा, एक ताशा, वहिनींच्या दिरांचा खुळखुळा आणि दादांचा ढोल. मी चौघांना ओटीवर सतरंजीवर बसवलं. दादांनी पहिली टिपरी मारली आणि टेपचा काटा लाल रेघेपलीकडे जाऊन तिथंच चिकटला. ऐकून बघितलं तर पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज. शिवाय ठेका सारखा चुकत होता.

दादा वैतागले. "बसून वाजवायला आमी काय भजनी मंडळ हाय? पाय हालल्याबिगर हात हालत नाय रं!"

खरंच होतं. जन्मभर वरातीत चालत वाजवलेलं. मग मी माईक ओटीवर ठेवला आणि त्यांना गल्लीतून चालायला लावलं. कॅसेटवर एक वरात लांबून आली, कानठळ्या बसवून गेली आणि नेरळच्या दिशेनं विरून गेली. खुळखुळा तर कुठं ऐकूच आला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

वहिनी अंगणापलीकडं खळं सारवून, हात धुऊन येत होत्या. दुसऱ्या दिवशी मळणी होती. माझं तोंड बघून त्या नवऱ्यावर कडाडल्या, "अवो, त्या पोराला रडवताव कशाला? मळणीला बैल फिरतात तसं फिरा की! मेढीला बांधा त्याचा तो माईक."

खळ्याच्या मधोमध रोवलेल्या त्या खांबाकडे मी बघतच राहिलो. आमच्याकडं ज्वारीच्या मळणीत मी लहानपणापासून बैल असेच हाकले होते, पण डोक्यात आलं नव्हतं.

"आन् मी कंचा बैल?" दादांनी विचारलं.

"तुमी भायेरचे. दांडगा बैल कडेलाच लागतो. भावजी आतल्या अंगाला."

"आत म्हातारा बैल असतो, वैनी," दीर कुरकुरले.

"मग? दात किती ऱ्हायलं तुमचं?"

ओलं खळं उखडणार हे वहिनींना दिसत होतं, तरी त्यांनीच चौघांना उभं केलं. मेढीला खुळखुळा चिकटलेला, मग बाजा, मग ताशा, आणि सगळ्यांत कडेला ढोल. मी मेढीशी टेप मांडीवर घेऊन बसलो. चौघं फिरू लागले. कडेच्या माणसाला चालावं लागतं जास्त. दादांना धाप लागली, ढोलावरचा जोर आपोआप उतरला आणि काटा लाल रेघेच्या अलीकडे नाचायला लागला. दादा मागं पडले की वहिनी सवयीनं ओरडायच्या, "हो, हो! चल रं, थांबू नको!"

ते सगळं कॅसेटवर आलं. परत भरायला सेलमध्ये जीव नव्हता.

मालकानं कॅसेट लावली. "ही बाई कोण हाकलतेय?" तेवढ्यात मामा आले. त्यांनी पूर्ण बाजू ऐकली, मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, "पक्कं. पण ती बाईपण येणार ना?"

मालकानं मला फक्त चहा सांगितला. गावाकडं जायचा विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

कॅसेट दुकानातच राहिली. वहिनींनी ती अजून ऐकलेली नाही. खळं त्यांनी त्याच संध्याकाळी दुसऱ्यांदा सारवलं, तेही मला बोल न लावता. माझा स्वतःचा टेप झाला की मळणीच्या दिवसांत पोशीरला जाईन, खळं मी सारवीन, आणि वहिनींना मेढीशी पाटावर बसवून त्यांचीच हाक ऐकवीन. बैलांमागंही मीच फिरेन.