जुहलवरचं स्थळ

माझं पंधरावं सरलं आणि लातूरहून आत्या आमच्या नांदेडच्या घरी स्थळ घेऊन आली. निलंग्याकडचे जमीनदार, बिजवर. वय विचारल्यावर म्हणाली, "तिशीतले हायेत." त्यांचा थोरला मुलगा मिशीला पीळ देत हिंडतो, हे तिनं बहुधा तोंडात विडा होता म्हणून सांगितलं नाही. आईनंच विषय काढला, तर आत्या म्हणाली, "पुरुषाचं वय कुणी मोजतं का, वहिनी?" बाबांनी मान डोलावली. आत्यापुढं त्यांच्या मानेला दुसरं काही येतच नसे.

पण मला वयं मोजायचा नवाच नाद लागला होता. निजामी राज्यात आम्ही मराठी पोरी सगळं उर्दूतून शिकायचो, आकाशसुद्धा. उस्तानीबाईंनी सांगितलं होतं, सूर्याभोवती एक फेरी म्हणजे एक वर्ष. उतारिद, म्हणजे आपला बुध, ती तीन महिन्यांत उरकतो. जुहलला मात्र जवळजवळ तीस वर्षं लागतात. बाबांच्या कचेरीतल्या फायलींपेक्षा जरासाच सावकाश.

पाहुणे आले. शेरवानी नवी, केसांचा कलप त्याहून नवा.

"काय शिकून राहिलीस?" त्यांनी मला विचारलं.

"लोकांची वयं काढायला."

"म्हणजे?"

"आत्या म्हणते तुम्ही तिशीतले. पृथ्वीवर काही ते जमेना. तुम्ही पंचेचाळीसचे असाल, तर जुहलवर दीड वर्षाचे भरता. आणि उतारिदवर मी बासष्ट वर्षांची. एवढी म्हातारी चालेल का तुम्हाला?"

बाबांचा चहा बशीत सांडला. मला वाटलं, पाहुणे आता भडकणार. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"जुहल म्हणजे शनीच न्हाई का?"

"हाव."

त्यांनी शिऱ्याची बशी खाली ठेवली. "ताई, हिला साडेसाती हाय का? पाहायच्या दिवशी पोरीच्या तोंडून शनी निघाला!" आत्यानं पत्रिका काढेपर्यंत ते टांग्यात बसले होते. वयाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. तो अपमान त्यांना समजलाच नसावा.

आईनं मला कोंडून मारलं. मारताना ती हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येत नाही. नांदेडपासून लातूरपर्यंत माझा शनी गाजला, पुढं बरीच वर्षं कुणी पाहायला फिरकलं नाही, आणि तेवढ्या काळात मी मॅट्रिक झाले.

निलंग्याच्या पाहुण्यांना त्याच हंगामात लातुरात मुलगी मिळाली. ती माझ्याच वयाची असल्याचं आत्यानं मुद्दाम कळवलं, मी काय गमावलं ते मला समजावं म्हणून.