खारट पोर

महिना झाला. भाईंदरच्या नर्सिंग होममध्ये मी एका तान्ह्याला लस देत होते, तेव्हा रिसेप्शनवर वहिनीचा फोन आला. "ताई, या..." एवढंच. चौदा वर्षांची जुई, माझी भाची, गेली होती.

भाईंदरजवळच्या राई गावात आमच्या बाबांनी जन्मभर मिठागरात काम केलं. जुईच्या बारशाला मी तिच्या कपाळाचा पापा घेतला तर ओठ खारट झाले. मी तसं बोललेही. आई म्हणाली, "मिठागरवाल्यांची पोर हाय, खारट न्हाय लागनार तं काय गोड लागंल?" सगळे हसले. मीही हसले. नर्सिंगच्या पुस्तकात अंग असं खारट लागणाऱ्या एका आजारावर एक परिच्छेद होता. परदेशातला आजार, परीक्षेला येत नाही, म्हणून मी तो वाचलाच नव्हता.

मग जुईला कायमचा खोकला सुरू झाला. दोघांचं जेवण एकटी जेवायची, तरी अंगाला लागेना. शेजारणी वहिनीलाच नावं ठेवायच्या. टीबी समजून दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला, आणि त्या गोळ्या चारल्या कुणी? मीच! ती आठ वर्षांची असताना मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिचा पापा घेतला की खारट लागतं का?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. घामाची तपासणी झाली, त्यात मीठ फार निघालं. सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ डिंकासारखा चिकटतो, पाचक रस अन्नापर्यंत पोचत नाही. आई-बाप दोघांकडून येतं, कुणाचा दोष नाही, असं त्या म्हणाल्या. दोष नाही म्हणे!

तेव्हापासून रोज ड्युटीआधी मी राईला जायची. वाफारा झाला की जुई दोन उशांवर पालथी पडायची, डोकं खाली. मी तळवा खोलगट करून पाठ थोपटायची, कफ सुटेपर्यंत. जेवणाआधी कॅप्सूल, उन्हाळ्यात पेजेत जास्तीचं मीठ. "आत्या, भाकरी थापतेस का गं? फुगली का बघ," म्हणायची.

बारशाची ती गंमत आईने तिलाही सांगितली होती. एकदा तिने विचारलं, "तुला तेव्हा काहीच कळलं नाही?"

"नाही गं."

"पण तू तर नर्स आहेस ना?" मी उशा सारख्या करायला लागले. मग ती स्वतःच पालथी झाली. "चल, थोपट."

वहिनीने त्या उशांच्या खोळी अजून धुतलेल्या नाहीत. घामाचे पांढरे डाग तसेच आहेत. परवा तिच्यासमोरच मी एका उशीला ओठ टेकवले. खारट... या वेळी कुणी हसलं नाही.